तीनदा लिहिलं होतं

त्या घरात टेबल एकच होतं आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या तिघी होत्या. आई शिवणकाम करायची, तिला कापड बेतायला ते लागे. आत्याला वर्तमानपत्र पसरायला लागे. विजेच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली ही बाई, टेबलाशिवाय वाचलेलं डोक्यात शिरतच नाही म्हणायची. आणि तिसरी हक्कदार भिंगरी.

भिंगरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणी एका जागी पाच मिनिटं टिकत नसे म्हणून हे नाव पडलेलं. आता मात्र ती रोज दुपारी दोन ते सहा त्याच टेबलाशी खिळून बसे, कारण तिला घरबसल्या अर्धवेळ काम मिळालं होतं. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या अशा ठिकाणी सोलर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवणारी एक कंपनी होती. त्या कंपनीच्या कामाची माहिती समाजमाध्यमांवरून लोकांपर्यंत पोचवायची, फोटोंखाली चार ओळी लिहायच्या, लोकांच्या प्रतिक्रियांवर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. तिच्यासारखे आणखी चार विद्यार्थी वेगवेगळ्या शहरांतून हेच करत. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या वर एक बाई होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत.

"जगाला उजेड वाटतेस खरी," आत्या म्हणायची, "पण न्हाणीघरातला दिवा मात्र मलाच बंद करावा लागतो!"

"आत्या, कामात आहे मी."

"हो ना. आम्ही काय, झोपेतच पेन्शन मिळवलं."

भिंगरीला ते काम मनापासून आवडायचं. धुराशिवाय वीज, डिझेलच्या घरघरीशिवाय वीज ही गोष्ट तिला खरंच महत्त्वाची वाटे. एका दवाखान्याच्या फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "इथे आता टॉर्चच्या उजेडात टाके घातले जात नाहीत." ती ओळ हजारो लोकांना आवडली. ताईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. त्या दिवशी तिनं आईला टेबल आपणहून रिकामं करून दिलं.

कामाचे काही नियम होते. 'बिघाड', 'धोका', 'तापणे', 'बंद पडणे' हे शब्द टाळायचे. आणि कुणी फोटोखाली तक्रार लिहिली, तर ती लपवायची. पुसायची नाही, लपवायची. त्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं की तो मजकूर बाकी सगळ्या जगाला दिसेनासा होई. लिहिणाऱ्याला मात्र तो जागच्या जागी दिसत राही. त्याला वाटे, आपलं म्हणणं तिथं आहे, लोक वाचताहेत.

पहिल्यांदा भिंगरीला ते विचित्र वाटलं होतं. तिनं ताईंना विचारलंही होतं.

"हे बघ," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. "आधीच अर्धे लोक म्हणतात, हे सोलर म्हणजे थोतांड आहे. आपणच आपल्या चुका चव्हाट्यावर मांडल्या, तर उद्या तोच दवाखाना परत जनरेटर आणेल. तुला तो धूर हवाय का?"

"नको. पण तक्रारीचं काय करायचं?"

"प्रत्येक पेटीवर फोन नंबर छापलाय. ज्याला खरंच अडलंय, तो फोन करेल. तू पोस्टमन होऊ नकोस गं, तुझा वेळ लिहिण्यात घाल."

भिंगरीला ते पटलं. खरं सांगायचं तर, पटवून घेणं सोयीचं होतं. समोर परीक्षा होती, वाचायचं ढीगभर होतं.

एका दुपारी ती बटण दाबत असताना आत्या चष्मा पुसत मागे उभी होती.

"आत्ता काय नाहीसं झालं ते?"

"कुणाची तरी कुरकुर होती. लपवली."

"त्याला कळलं का लपवलेलं?"

"नाही. त्याला दिसतं तसंच."

आत्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "आमच्या खिडकीवर माणसं शिव्या घालायची, पण निदान त्यांना कळायचं तरी, की आत कुणी लक्ष देत नाहीये. तुमचं अजबच आहे!"

"आत्या, तुमचा जमाना वेगळा होता," भिंगरी म्हणाली आणि कानाला हेडफोन लावले.

नेमकं त्याच दुपारी लपवलेलं ते लिखाण त्या दवाखान्याच्या कम्पाउंडरचं होतं. टाके घालण्याच्या ओळीवाला तोच दवाखाना. त्यांनी लिहिलं होतं: "नमस्कार. आपण दिलेल्या विजेमुळे आमची फार सोय झाली आहे. फक्त बॅटरीची पेटी दुपारी हात लावू नये इतकी तापते. एखादा माणूस पाठवून बघून घ्यावे, ही विनंती."

बारा दिवसांनी त्यांनी पुन्हा लिहिलं: "पेटी एका बाजूने फुगल्यासारखी वाटते. वास येतो. तसदीबद्दल माफी असावी." भिंगरीनं तेही लपवलं. तिचं वाचणं म्हणजे काय असे? 'तापते', 'फुगते' असे शब्द नजरेला टोचले की बोट बटणाकडे जाई. सवयच लागली होती.

आणखी नऊ दिवसांनी तिसऱ्यांदा: "रुग्णांची बाकडी त्या भिंतीपासून हलवून अंगणात ठेवली आहेत. पेटी बंद करावी का, तेवढे कृपया कळवावे. लशींचा फ्रिज त्यावरच आहे, म्हणून स्वतःहून बंद केलेली नाही. आपला नम्र."

त्या दिवशी भिंगरीचा पेपर होता. तिनं बसमधून येता येता मोबाइलवरच ते लपवलं आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ताईंचा निरोप आला. "पुढची सूचना मिळेपर्यंत कुणीही काहीही लिहू नका." तासाभरात बातमी सगळीकडे झाली. दवाखान्यातल्या बॅटरीच्या पेटीनं पेट घेतला होता. दवाखान्यात बावीस माणसं होती. कम्पाउंडरनं एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना उचलून आणलं. सगळे बाहेर आले, तरी इंजेक्शनच्या खोलीत कुणी राहिलं नाही ना, हे बघायला ते पुन्हा आत गेले. तिथं कुणीच नव्हतं. धुरानं ते दारापाशीच कोसळले आणि गेले.

भिंगरीनं बातमीतला फोटो पाहिला आणि तिला तो दवाखाना ओळखू आला. मग बातमीत 'कम्पाउंडर' हा शब्द आला.  तिनं लपवलेल्या मजकुरांची यादी उघडली. खाली, आणखी खाली. तीन लिखाणं. तिन्हींच्या पुढे तिच्याच नावाची खूण!

तिनं तिसरं लिखाण पुन्हा वाचलं. "पेटी बंद करावी का, तेवढे कृपया कळवावे."

'हो.' एवढं एकच अक्षर लिहायचं होतं. कुणीतरी.

आई कापड कापत होती. तिनं कात्री थांबवून विचारलं, "काय गं, चेहरा का असा पडला?" भिंगरी उठून आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं निवेदन आलं. ते लोकांसमोर मांडायचं काम भिंगरीवर आलं, कारण तिची भाषा चांगली होती! "दुर्दैवी घटना", "कारणांचा शोध सुरू आहे", "इमारतीतील जुन्या वायरिंगची शक्यता नाकारता येत नाही". तिनं ते जसंच्या तसं टाकलं. दहा मिनिटांत त्याखाली एक फोटो आला. कुणाच्या तरी मोबाइलच्या पडद्याचा फोटो, त्यावर ती तिन्ही लिखाणं, तारखांसकट. खाली एवढंच: "बाबांनी तीनदा लिहिलं होतं. कुणी वाचलं का?"

ती कम्पाउंडरची मुलगी होती.

लगेच ताईंचा फोन आला.  "ते आत्ताच्या आत्ता लपव. वकिलांशी बोलणं होईपर्यंत ते दिसता कामा नये. ऐकतेयस ना?"

"ताई, ती तिन्ही मी लपवली होती."

ताईंचा आवाज खाली आला. "तू नियमाप्रमाणे वागलीस. तुझ्यावर काही येणार नाही, मी बघते. पण आता हे लपव."

भिंगरीनं फोन ठेवला. पडद्यावर तो प्रश्न तसाच होता. तिचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच अडलं. ती रडायला लागली. आधी हळू, मग हुंदके देऊन. आत्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली आणि ती शेजारी बसली. भिंगरीनं सगळं सांगितलं.

आत्यानं 'असू दे' म्हटलं नाही. 'तुझी काय चूक' असंही म्हटलं नाही.

"मीही एकदा एक चिठ्ठी ठेवली होती," ती म्हणाली. "एक बाई आली होती. म्हणाली, गल्लीत तार लोंबकळतेय. दुपारची वेळ होती. मी चिठ्ठी घेतली, वजनाखाली ठेवली आणि डबा खायला गेले. परत आले तर दुसरी गर्दी. ती चिठ्ठी तिसऱ्या दिवशी सापडली. तोवर त्या तारेला चिकटून एक कुत्रं मेलं होतं. सगळे म्हणाले, नशीब, कुत्र्यावर निभावलं. नशीब कुणाचं? माझं! मी काही शहाणी नव्हते गं, माझं नशीब चांगलं होतं, एवढंच."

"माझं नव्हतं," भिंगरी म्हणाली.

"त्या माणसाचं नव्हतं," आत्या म्हणाली. आवाज कडक नव्हता, पण सोडणाराही नव्हता. "रडायचं असेल तर त्याच्यासाठी रड, स्वतःसाठी नंतर रडता येईल."

"आत्या, मला खरंच वाटायचं, मी चांगलं काम करतेय. तक्रारी दिसल्या तर लोकांचा विश्वास उडेल असं—"

"विश्वास म्हणजे काय रंगरंगोटी आहे का? ओल लपवायला भिंत रंगवली, म्हणून ओल जाते का? उलट आतून सगळी भिंत पोखरते. त्या माणसानं शत्रू म्हणून लिहिलं होतं का ते? वाच की. 'फार सोय झाली' म्हणतोय, 'माफी असावी' म्हणतोय. तुमच्या कामाची सगळ्यात जास्त काळजी कुणाला होती? त्यालाच! तक्रार करणारा माणूस अजून आपल्याला धरून असतो, पोरी. ज्याची आशा सुटली, तो लिहीतच नाही. आणि तुम्ही त्यालाच गप्प केलंत."

आई दारात उभी होती. "पण हिचं काम जाईल हो. पुढे कुठं अर्ज केला तर हेच निघेल," ती काकुळतीनं म्हणाली.

"जाईल," आत्या म्हणाली. "ती मुलगी विचारतेय, कुणी वाचलं का. उत्तर एकट्या हिच्याकडे आहे. द्यायचं की नाही, हे मी कसं सांगू?"

 शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. भिंगरीनं लपवलेल्या मजकुरांची यादी पुन्हा उघडली. तिच्यासह पाचजणांनी वर्षभरात लपवलेली चौऱ्याहत्तर लिखाणं होती. "पंखा हळू फिरतो" अशी साधी होती, "वायर उघडी आहे, लहान मुलं खेळतात" अशीही होती. लपवताना तिनं त्यांतलं एकही शेवटपर्यंत वाचलं नव्हतं!

तिनं एकेक करून चौऱ्याहत्तरही उघडी केली. मग त्या मुलीच्या प्रश्नाखाली स्वतःच्या नावानं लिहिलं: "हो. मी वाचलं होतं. तिन्ही वेळा. मी इथे काम करते. मीच ते लपवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. ज्यांच्याकडे अशी पेटी तापत असेल त्यांनी ती आत्ताच बंद करावी."

अर्ध्या तासात तिचं खातं बंद झालं. काम गेलं. पण तोवर ते लोकांनी पाहिलं होतं, पुढे पाठवलं होतं. कंपनीला सगळीकडे माणसं धाडावी लागली. आणखी चार ठिकाणी तशाच फुगलेल्या पेट्या सापडल्या. त्यांतली एक बालवाडीच्या जिन्याखाली होती. त्या काढल्या गेल्या. हे भिंगरीनं वर्तमानपत्रात वाचलं. तिला आनंद झाला नाही. चार पेट्या बंद होऊ शकत होत्या, म्हणजे पाचवीही होऊ शकत होती. तिच्या मनात एवढंच आलं. ताईंचा फोन पुन्हा कधी आला नाही.

तीन आठवड्यांनी ती आत्याला घेऊन त्या दवाखान्याच्या गावी गेली. बसनं चार तास लागले. कम्पाउंडरचं घर दवाखान्याच्या मागेच होतं, दोन खोल्यांचं. दाराशी एक सायकल टेकवलेली होती, तिच्या कॅरिअरला औषधांचा रिकामा खोका बांधलेला. मुलगी भिंगरीच्याच वयाची निघाली. तिनं नाव ऐकलं आणि दारातून बाजूला झाली. या म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही.

आत्या बाहेरच्या पायरीवर बसली. "तुझं तू बोल," म्हणाली.

"बाबांनी त्या विजेसाठी दोन वर्षं अर्ज केले होते," मुलगी उभ्यानंच सांगू लागली. "दर रविवारी शिडी लावून वर जायचे, पॅनेलवरची धूळ पुसायचे. मी म्हणायचे, तुम्हाला कुणी सांगितलंय का हे? म्हणायचे, आपलं आहे ते. पेटी तापायला लागली तेव्हा आधी फोन केला. दोनदा. दोन्ही वेळा नुसतं संगीत वाजत राहिलं. मग मी म्हटलं, तिथं लिहा, तिथं लोक वाचतात." ती थांबली. "मीच शिकवलं त्यांना, कसं लिहायचं ते."

भिंगरीची मान खाली होती.

"रोज संध्याकाळी मोबाइल उघडून बघायचे. उत्तर नाही आलं तरी म्हणायचे, दिसतंय ना तिथं, म्हणजे पोचलंय. मोठी माणसं आहेत, कामात असतील." तिनं सरळ भिंगरीकडे पाहिलं. "मला एकच विचारायचंय. वाचलंस तेव्हा काय वाटलं तुला?"

भिंगरीनं वाटेत चार तास काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता तोंडात येईना.

"काहीच नाही वाटलं," ती म्हणाली. "तेच सांगायला आले. मला काहीच वाटलं नव्हतं."

मुलीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सगळे येऊन सांगतात, फार वाईट वाटलं. तू निदान खरं सांगितलंस. पण माझ्याकडे माफी मागू नकोस. माझ्याकडे नाहीये ती आज."

"नाही मागत."

"आणि एक. गावातले म्हणतात, ती पॅनेलं काढून टाका. मी काढू देणार नाही. नवी पेटी बाहेर, उघड्यावर बसवायला लावलीय. बाबांनी आणलेली वीज आहे ती." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "तुला लिहिता येतं ना? मग हेही लिही, की चूक विजेची नव्हती."

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. भिंगरीनं तिचा हात धरून ठेवला होता, लहानपणी धरायची तसा.

पुढे भिंगरीनं शिक्षण पूर्ण केलं. आज ती एका छोट्या संस्थेत आहे. काम तेच, सोलरचीच माहिती लोकांपर्यंत पोचवण्याचं. फरक एवढाच, की सकाळी ती आधी तक्रारी वाचते, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि ज्यानं लिहिलं त्याला स्वतः फोन लावते. सोबतचे कधी कधी हसतात. 'आधी कौतुकाचं काहीतरी टाक की,' म्हणतात. ती मान हलवते आणि पुढचा नंबर फिरवते. त्या मुलीला तिनं वर्षभर पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तिनं वाट बघितली, पण गाऱ्हाणं केलं नाही.

वाचकहो, भिंगरीला दोष देऊन आपल्याला मोकळं होता येणार नाही. इमारतीच्या सचिवाच्या कपाटात, शाळेच्या सूचनापेटीत, कार्यालयाच्या टपालात, आपल्या स्वतःच्या मोबाइलमध्ये, कुणीतरी नम्रपणे लिहिलेल्या दोन ओळी या घटकेला पडून आहेत. त्या आपण पाहिल्या आहेत, आणि पुढे सरकलो आहोत. कारण एकच: आपलं काम चांगलं आहे, त्याला डाग लागू नये! पण नीट समजून घ्या. काम खरोखर चांगलं असेल, तर ते तक्रारीनं मरत नाही. माणूस मरतो.